इतिहासात पीएचडी: अर्ज कुठे करावा, प्रवेश कुठे घ्यावा

प्रश्न थोडक्यात असा आहे. इतिहासात एम.ए. होत आलं आहे, पुढे पीएचडी करायची आहे, आणि अमेरिका, ब्रिटन, युरोप इथल्या विद्यापीठांची माहिती वाचून गोंधळ वाढलाच आहे. यादी कशी करायची? अर्जात नेमकं काय लिहायचं? आणि दोन-तीन ठिकाणांहून होकार आले तर मोठ्या नावाच्या विद्यापीठात जायचं, की आपल्या विषयाचा जाणकार जिथे आहे तिथे?

मी इतिहास शिकवते, पीएचडीच्या विद्यार्थ्यांना मार्गदर्शन करते आणि प्रवेश समितीवर बसून पुष्कळ अर्ज वाचले आहेत. शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करते, कारण त्याचं उत्तर मनाशी स्पष्ट असेल तर यादी आणि अर्ज दोन्ही सोपे होतात. प्रबंध पूर्ण होतो तो तीन गोष्टींच्या बळावर: तुमच्या प्रश्नात खरा रस असलेला मार्गदर्शक, लागणाऱ्या साधनांपर्यंत, म्हणजे मूळ कागदपत्रांपर्यंत, पोहोचण्याची सोय, आणि भाड्याची चिंता न करता वाचत-लिहीत बसता येईल इतकं विद्यावेतन. यातलं एक जरी नसलं, तरी चौथ्या-पाचव्या वर्षी माणूस अडकतो. मग विद्यापीठाचं नाव कितीही मोठं असो. नावाला किंमत नाही असं मात्र मी म्हणणार नाही. ती किती, हे पुढे सांगते.

आधी नोकरीबद्दल, कारण ते न सांगता अर्ज करा म्हणणं मला पटत नाही. १८८४ साली स्थापन झालेली अमेरिकन हिस्टॉरिकल असोसिएशन ही संस्था प्राध्यापकपदांच्या जाहिरातींचा नियमित आढावा घेते. २००८ च्या आर्थिक संकटानंतर या जाहिराती जोरात घसरल्या आणि त्याआधीची पातळी त्यांनी पुन्हा गाठलेली नाही. पीएचडी झालेले सगळे प्राध्यापक होतात हे गृहीतक तिथे केव्हाच मोडलं आहे. पीएचडी झालेली माणसं पुढे कुठे काम करतात याचा एक शोधता येणारा संचही याच संस्थेने तयार केला आहे. तो जरूर पाहा. संग्रहालयं, अभिलेखागारं, सरकारी खाती, शाळा, प्रकाशनसंस्था, विद्यापीठांचं प्रशासन असे अनेक रस्ते त्यात दिसतात. मी विद्यार्थ्यांना एक प्रश्न स्वतःला विचारायला सांगते: शेवटी प्राध्यापकाची नोकरी मिळाली नाही, तरी ही सहा-सात वर्षं या कामात घालवल्याचं समाधान मला असेल का? उत्तर ‘हो’ असेल तर पुढचं वाचा. ‘माहीत नाही’ असेल तर एखादं वर्ष थांबून दुसरं काम करून पाहा. इतिहासात उशिरा येणाऱ्याचं काही बिघडत नाही. उलट वकिली, पत्रकारिता किंवा परिचारिकेचं काम करून आलेल्या अर्जदारांचे प्रश्न मला अनेकदा जास्त धारदार वाटले आहेत.

नोकऱ्यांची ही स्थिती पाहता, ज्या विभागाकडे अर्ज करणार आहात तो यंदा विद्यार्थी घेणार आहे का, हे शुल्क भरण्याआधी तपासा. महासाथीच्या काळात अनेक मानव्यविद्या विभागांनी एका वर्षाचे प्रवेश थांबवले होते. नोव्हेंबर २०२४ मध्ये बोस्टन विद्यापीठाने पुढच्या वर्षापुरते इतिहासासह डझनभर विषयांतले पीएचडी प्रवेश स्थगित केले. असे निर्णय बरेचदा ऐन हंगामात जाहीर होतात, म्हणून यादी एकदा करून ठेवून भागत नाही.

आता व्यवस्थांमधला फरक. त्याचा विचार न करता केलेले अर्ज मी पाहते तेव्हा वाईट वाटतं, कारण माणूस हुशार असतो आणि चुकीच्या दारावर उभा असतो.

अमेरिकेत पीएचडीची सुरुवात वर्गांपासून होते. पहिली दोन-तीन वर्षं सेमिनार, वाचन, भाषा. मग दोन-तीन क्षेत्रांतली सर्वंकष परीक्षा, त्यानंतर संशोधन आराखडा, आणि मग प्रबंध. एकूण सहा ते आठ वर्षं सहज जातात. एम.ए. आधी झालेलं असण्याची गरज बहुतेक ठिकाणी नसते. प्रश्न अजून घडतो आहे, नवी भाषा शिकायची आहे, कालखंड बदलायचा आहे, अशा माणसाला ही व्यवस्था मानवते. ब्रिटनमध्ये उलट आहे. तिथे तीन ते चार वर्षांत प्रबंध द्यायचा असतो, वर्ग नाममात्र असतात, आणि अर्जासोबतच संशोधन प्रस्ताव द्यावा लागतो. केंब्रिजमध्ये इतिहासाच्या प्रबंधाला ८०,००० शब्दांची मर्यादा आहे, ऑक्सफर्डमध्ये १,००,००० ची. शेवटी एक अंतर्गत आणि एक बाहेरचा परीक्षक बंद दाराआड तोंडी परीक्षा घेतात. आणखी एक गोष्ट अनेकांच्या लक्षात येत नाही: ब्रिटनमध्ये प्रवेश मिळणं आणि पैसे मिळणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ऑक्सफर्डची क्लॅरेंडन किंवा केंब्रिजची गेट्स केंब्रिज यांसारख्या शिष्यवृत्त्यांची स्पर्धा स्वतंत्र असते आणि तिची मुदत प्रवेशाच्या मुदतीआधी संपू शकते. प्रवेशाचं पत्र हातात आणि पैशाचा पत्ता नाही, ही तिथली नेहमीची परिस्थिती आहे.

जर्मनीत पारंपरिक पद्धत म्हणजे आधी मार्गदर्शक मिळवायचा आणि मग शिष्यवृत्ती किंवा साहाय्यकाची जागा शोधायची. आता जोडीला संरचित पदवीशाळाही, म्हणजे आखीव अभ्यासक्रमाचे पीएचडी कार्यक्रमही, आहेत. नेदरलँड्समध्ये पीएचडीची जागा ही बहुतेकदा पगारी नोकरी असते, तिची जाहिरात निघते, आणि अनेकदा संशोधनाचा विषय प्रकल्पप्रमुखाने आधीच ठरवलेला असतो. पगार चांगला, स्वातंत्र्य कमी. फ्लॉरेन्सजवळच्या युरोपियन युनिव्हर्सिटी इन्स्टिट्यूटमध्ये चार वर्षांचा कार्यक्रम आहे आणि तिथल्या शिष्यवृत्त्या अर्जदाराच्या नागरिकत्वानुसार वेगवेगळ्या देशांकडून येतात, त्यामुळे आपल्या देशासाठी जागा आहे का हे आधी पाहावं लागतं.

यादी करताना विद्यापीठांच्या क्रमवाऱ्या बाजूला ठेवा. तुमच्या एम.ए.च्या प्रबंधाची संदर्भसूची घ्या. त्यातली कोणती पाच-सात पुस्तकं आणि लेख तुम्ही पुन्हा पुन्हा उघडले? कुणाशी मनातल्या मनात वाद घातला? ती माणसं आज कुठे शिकवतात ते शोधा. मग पुढची तपासणी करा: ती निवृत्तीच्या जवळ आहेत का, नव्या विद्यापीठात गेली आहेत का, नवे विद्यार्थी घेत आहेत का, आणि वीस वर्षांपूर्वी ज्या विषयावर लिहिलं त्यातच आजही त्यांचं मन आहे का. शेवटचा मुद्दा फार महत्त्वाचा आहे. एखाद्या इतिहासकाराचं पहिलं पुस्तक शेतकरी उठावांवर असतं आणि आज ती व्यक्ती हवामानाच्या इतिहासात बुडालेली असते. अलीकडचे लेख, परिषदांतले निबंध, चालू असलेले सेमिनार यांतून हे कळतं.

त्यानंतर त्या विभागातून गेल्या पाच-सहा वर्षांत पूर्ण झालेले प्रबंध पाहा. प्रोक्वेस्ट या प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहात आणि विद्यापीठांच्या स्वतःच्या भांडारांत ते सापडतात. शीर्षकं वाचली तरी विभागाचा स्वभाव कळतो. प्रबंधांतली ऋणनिर्देशाची पानं आवर्जून वाचा. मार्गदर्शकाचे आभार एका ओळीत संपतात की परिच्छेदभर चालतात, प्रबंध समितीतल्या इतर कुणाचं नाव अधिक जिव्हाळ्याने येतं, कोणत्या ग्रंथपालाचा उल्लेख आहे, पैसा कुठून कुठून गोळा करावा लागला, हे सगळं तिथे लिहिलेलं असतं.

एकाच माणसाच्या भरवशावर विभाग यादीत घेऊ नका. प्राध्यापक दुसरीकडे जातात, आजारी पडतात, प्रशासनात अडकतात. तुमच्या विषयाजवळ काम करणारी किमान दोन-तीन माणसं हवीत, आणि ती सगळी इतिहास विभागातच असायला हवीत असं नाही. धर्म, कायदा, भाषा, कलेचा इतिहास या विभागांतली चालतात. शेजारच्या विद्यापीठांचाही विचार करा. न्यू यॉर्क परिसरात कोलंबिया, न्यू यॉर्क युनिव्हर्सिटी, प्रिन्स्टन, रटगर्स, सिटी युनिव्हर्सिटी, फोर्डहॅम अशा संस्थांचा एक संघ आहे, ज्यात पीएचडीचा विद्यार्थी दुसऱ्या संस्थेतले वर्ग करू शकतो. बिग टेन या मोठ्या अमेरिकन विद्यापीठांच्या गटातही अशी सोय आहे. एखाद्या लहान विभागात प्रवेश घेऊनही शेजारच्या विद्यापीठातल्या तज्ज्ञाकडे शिकता येतं, हे अनेकांना ठाऊकच नसतं.

किती अर्ज करावेत? पैसे आणि शक्ती पाहता आठ-दहाच्या पुढे जाऊ नका. प्रत्येक अर्ज त्या विभागासाठी नव्याने लिहायला हवा आणि दहाव्यानंतर ते होत नाही. अर्जशुल्क माफीची तरतूद अनेक ठिकाणी असते. मागायला संकोच करू नका. ते मागितल्याने अर्जाचं वजन कमी होत नाही.

प्राध्यापकांना आधी ईमेल करावा का? ब्रिटन आणि जर्मनीत करायलाच हवा. अमेरिकेत काही विभाग त्याला प्रोत्साहन देतात, काही स्पष्ट नाही म्हणतात. विभागाची सूचना पाळा. ईमेल दहा-बारा ओळींचा असावा: तुम्ही कोण, प्रश्न काय, कोणती साधनं आणि भाषा, त्यांच्या कोणत्या लेखनाशी तुमचं काम कुठे जुळतं, आणि शेवटी एकच विचारणा, पुढच्या वर्षी नवे विद्यार्थी घेणार आहात का. सोबत पंचवीस पानं जोडू नका. उत्तर नाही आलं तर तीन आठवड्यांनी एकदा आठवण करा. तेवढंच पुरे. उत्तर न येण्याचा अर्थ नकार असा लावू नका.

आता हेतुनिवेदन, ज्याला सगळे एसओपी म्हणतात. अर्जाचा प्राण इथे आहे आणि सर्वांत जास्त नुकसानही इथेच होतं. बहुतेक निवेदनं लहानपणीच्या आवडीने सुरू होतात: आजोबांच्या गोष्टी, किल्ला, जुनं नाणं. ती आवड खरी असते, मला त्यात शंका नाही. पण समितीतला प्रत्येक माणूस त्याच आवडीपोटी या विषयात आलेला असतो, त्यामुळे त्या परिच्छेदातून तुमच्याबद्दल नवं काही कळत नाही. समितीला पाहायचं असतं की हा माणूस इतिहासकारासारखा विचार करतो का. म्हणजे, प्रश्न विचारता येतो का, तो आधी कुणी कसा सोडवला हे माहीत आहे का, आणि उत्तर कोणत्या कागदांत सापडेल याचा अंदाज आहे का.

एक उदाहरण घेऊ. समजा एकीने लिहिलं: ‘मला साथरोगांच्या सामाजिक इतिहासात रस आहे आणि वसाहतवाद, आधुनिकता आणि राज्यसंस्था यांच्या संदर्भात त्याचा अभ्यास करायचा आहे.’ यात चूक काही नाही, पण पकडायला काही नाही. आता तीच व्यक्ती असं लिहू शकते: ‘१८५१ साली पॅरिसमध्ये पहिली आंतरराष्ट्रीय आरोग्य परिषद भरली. १२ राज्यांनी प्रत्येकी एक डॉक्टर आणि एक मुत्सद्दी पाठवला आणि जहाजांच्या विलगीकरणाचे नियम एकसारखे करण्याचा प्रयत्न झाला. या परिषदांचा राजनैतिक इतिहास बराच लिहिला गेला आहे. मला पाहायचं आहे की बंदरातला अधिकारी, जहाजाचा कप्तान आणि माल अडकलेला व्यापारी यांच्यात विलगीकरणाचे दिवस प्रत्यक्षात कसे ठरत होते. त्यासाठी मार्सेय आणि माल्टा इथल्या विलगीकरणगृहांच्या नोंदी आणि व्यापाऱ्यांचे तक्रारअर्ज वाचायचे आहेत. फ्रेंच मी वाचते, इटालियनचा दुसरा वर्ग चालू आहे.’

दुसऱ्या मजकुरात वर्ष आहे, जागा आहे, माणसं आहेत, आधीच्या लेखनातली नेमकी पोकळी आहे, कागद आहेत आणि ते वाचण्याची तयारी आहे. पहिल्यातले मोठे शब्द, आधुनिकता आणि राज्यसंस्था, दुसऱ्यात कुठेच नाहीत. तरी वाचणाऱ्याला ते दिसतात. समितीत असा परिच्छेद आला की कुणीतरी लगेच म्हणतं, ‘पण मग नेपल्सच्या बंदराचं काय?’ हा प्रश्न निघाला की अर्जदार निम्मी लढाई जिंकली, कारण आता तिच्या विषयावर चर्चा सुरू झाली.

हा प्रश्न पुढे बदलला तर? बदलणारच. अमेरिकेत कुणी तुम्हाला त्याच विषयाला बांधून ठेवत नाही. निवेदनातला प्रश्न हा विचार करण्याच्या पद्धतीचा नमुना असतो. ब्रिटनमध्ये मात्र प्रस्तावाच्या बरंच जवळ राहावं लागतं, म्हणून तिथे साधनं खरोखर उपलब्ध आहेत का याची खात्री अर्जाआधीच करून घ्या.

निवेदनाच्या शेवटी ‘आपल्या नामांकित विद्यापीठात’ अशी वाक्यं नकोत. त्या जागी दोन-तीन प्राध्यापकांची नावं आणि प्रत्येकाशी तुमच्या प्रश्नाचा नेमका धागा लिहा. तिथल्या ग्रंथालयात तुमच्या विषयाचा विशेष संग्रह असेल तर तोही. नावांची लांबलचक यादी दिली की समजतं, संकेतस्थळावरून उतरवली आहे.

भाषांबद्दल अर्जदार फार मोघम लिहितात. ‘फारसी: मध्यम’ यातून काय कळणार? छापील फारसी वाचता की शिकस्ता वळणातली पत्रं? मोडी येते म्हणजे साफ लिहिलेली शिकवणीतली मोडी, की घाईत लिहिलेले हिशेबाचे कागदही? मध्ययुगीन युरोपवर काम करणाऱ्याला लॅटिन तर लागतंच, शिवाय दुय्यम साहित्यासाठी फ्रेंच आणि जर्मन. ऑटोमन कागदांसाठी आधुनिक तुर्की पुरत नाही, जुन्या लिपीतली ऑटोमन तुर्की शिकावी लागते. कोणत्या काळातलं, कोणत्या लिपीतलं, कोणत्या प्रकारचं लिखाण तुम्ही आज वाचू शकता ते लिहा. मी अर्ज वाचते तेव्हा भाषेच्या ओळीकडे गुणांच्या आधी बघते. सेमिनारमध्ये हुशारी वाढते, पण ज्याला कागद वाचता येत नाहीत त्याचं पहिलं दीड वर्ष केवळ भाषेत जातं, आणि तेवढा वेळ सर्व विभाग देऊ शकत नाहीत.

लेखननमुना साधारण वीस-पंचवीस पानांचा मागतात. तुमच्या भावी विषयाशी तो जुळलाच पाहिजे असं नाही. अस्सल साधनांवर उभा असलेला तुमचा सर्वांत चांगला मजकूर द्या. सिद्धान्तचर्चेचा चकचकीत निबंध आणि जरा खडबडीत पण कागदपत्रांतून काढलेला निबंध यांतला दुसरा निवडा. प्रबंधातलं प्रकरण देत असाल तर आधी अर्धं पान लिहून संदर्भ सांगा. आणि तळटिपा नीट करा. आमच्यातले कित्येक जण वाचायला तिथूनच सुरुवात करतात.

शिफारसपत्रं बहुधा तीन. प्रसिद्ध माणसाचं चार ओळींचं पत्र काही कामाचं नसतं. ज्यांनी तुमचं लिखाण लाल पेनाने तपासलं आहे, ज्यांना तुमचा एखादा युक्तिवाद आठवतो, त्यांच्याकडे जा. दीड-दोन महिने आधी विचारा, निवेदनाचा मसुदा आणि लेखननमुना द्या, मुदतींचा तक्ता द्या. ‘चांगलं पत्र देऊ शकाल का’ असं स्पष्ट विचारलं तर चालतं. कुणी कां-कू केलं तर दुसऱ्या व्यक्तीकडे वळा. गुणपत्रकं, इंग्रजीची परीक्षा ही औपचारिकता वेळेत उरकून टाका. जीआरई ही अमेरिकेतली प्रवेशपरीक्षा बऱ्याच इतिहास विभागांनी बंद केली आहे, तरी प्रत्येक ठिकाणची अट वाचा.

पदरचे पैसे भरून करायच्या एम.ए.बद्दल थोडं सांगते. पीएचडीला नकार कळवताना काही विद्यापीठं ‘आमच्या एक वर्षाच्या एम.ए.चा विचार करा’ असं पत्र पाठवतात. शुल्क मोठं असतं, मदत अर्धवट असते, आणि पुढे पीएचडीत घेऊ असं वचन नसतं. भाषा शिकण्यासाठी किंवा विषय बदलण्यासाठी असं वर्ष उपयोगी पडतं हे खरं, पण त्यासाठी कर्ज काढू नका. पीएचडीच्या बाबतीत तर माझं मत आणखी कडक आहे: पैसे न देणारा प्रवेश हा प्रवेश नाही, असं समजा.

होकार साधारण फेब्रुवारी-मार्चमध्ये येतात. अमेरिकेत कौन्सिल ऑफ ग्रॅज्युएट स्कूल्सच्या ठरावाप्रमाणे, आर्थिक मदतीसह आलेल्या प्रवेशाला १५ एप्रिलपूर्वी उत्तर देण्याचं बंधन विद्यार्थ्यावर नसतं. ठरावावर सही केलेल्या विद्यापीठातून कुणी मार्चमध्येच ‘लवकर सांगा’ म्हणून दडपण आणलं तर या तारखेची नम्रपणे आठवण द्या. पण जिथे जाणार नाही हे नक्की झालं आहे तिथे लगेच नकार कळवा. प्रतीक्षा यादीवर कुणीतरी त्या जागेकडे डोळे लावून बसलेलं असतं.

प्रवेशाचं पत्र वाचताना मोठ्या अक्षरातल्या आकड्यावर थांबू नका. हमी किती वर्षांची आहे? पाच वर्षांची असेल आणि त्या विभागात लोकांना सात लागत असतील, तर सहाव्या वर्षी लोक कशावर जगतात? पैसे नऊ महिन्यांचे की बारा? किती सत्रं शिकवावं लागेल, आणि पहिल्याच वर्षी की नंतर? आरोग्यविमा कुणाचा? संशोधन प्रवासासाठी निधी हमखास आहे की दर वर्षी स्पर्धा? त्या शहरातलं भाडं काय? मोठ्या शहरातलं भरघोस विद्यावेतन भाड्यात संपतं आणि लहान गावातल्या कमी रकमेत माणूस सुखाने राहतो. २०२२ च्या अखेरीस कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सगळ्या संकुलांत मिळून सुमारे ४८,००० शैक्षणिक कर्मचाऱ्यांनी संप केला, त्यात पदव्युत्तर आणि पीएचडीचे विद्यार्थी मोठ्या संख्येने होते, आणि भाड्याचा प्रश्न त्याच्या मुळाशी होता. विद्यार्थ्यांची संघटना आहे का आणि तिचा करार काय सांगतो, हेही विचारा.

मग विद्यार्थ्यांशी बोला. पहिल्या वर्षाचे उत्साही विद्यार्थी विभाग स्वतःहून भेटवतो. चौथ्या, पाचव्या, सहाव्या वर्षातले तुम्ही शोधून काढा. लेखी न विचारता फोनवर विचारा, माणसं मोकळी बोलतात. प्रकरण दिल्यावर अभिप्राय किती दिवसांत येतो? शिफारसपत्रं वेळेवर जातात का? मतभेद झाला तर काय होतं? कुणी मार्गदर्शक बदलला का, आणि बदलल्यावर त्याला त्रास झाला का? कोण सोडून गेलं, का गेलं? हाच प्रश्न तिघा-चौघांना विचारा. सगळे एकाच जागी अडखळले तर त्याची नोंद घ्या. मार्गदर्शकाचा विद्वत्तेचा लौकिक आणि विद्यार्थ्याशी वागणूक यांचा एकमेकांशी संबंध नसतो. ज्यांच्या हाताखाली एकाच वेळी डझनभर विद्यार्थी आहेत अशा मोठ्या नावापेक्षा, मला तीन-चार विद्यार्थ्यांची प्रकरणं ओळ न् ओळ वाचणारी मधल्या टप्प्यावरची प्राध्यापिका अधिक मोलाची वाटते. नुकतेच लागलेले, अजून कायम न झालेले प्राध्यापक उत्तम मार्गदर्शक असतात, पण त्यांच्या जोडीला प्रबंध समितीत कुणी स्थिरावलेली व्यक्ती हवी.

साधनांचा विचार निवडीच्या वेळी पुन्हा करा. दप्तरं उघडतात आणि बंदही होतात. पोप बारावे पायस यांच्या काळातली व्हॅटिकनची कागदपत्रं २ मार्च २०२० रोजी संशोधकांना खुली झाली आणि महासाथीमुळे काही दिवसांतच ते वाचनालय बंद करावं लागलं. ऑक्टोबर २०२३ मधल्या सायबर हल्ल्यानंतर ब्रिटिश लायब्ररीच्या ऑनलाइन सेवा कित्येक महिने विस्कळीत राहिल्या. २०२२ नंतर रशियातल्या अभिलेखागारांत जाणं पाश्चात्त्य विद्यापीठांतल्या अनेक संशोधकांना अशक्यप्राय झालं आणि चालू प्रबंधांचे विषय बदलावे लागले. त्यामुळे मार्गदर्शकाला विचारा: हे दप्तर बंद झालं तर हा प्रश्न दुसऱ्या कोणत्या कागदांतून सोडवता येईल? ज्या विभागात या प्रश्नावर तासभर चर्चा होते, तो विभाग मला आवडतो.

आता नावाची किंमत. २०१५ साली सायन्स अ‍ॅडव्हान्सेस या नियतकालिकात संगणकशास्त्र, व्यवस्थापन आणि इतिहास या तीन विषयांतल्या प्राध्यापक भरतीचा अभ्यास आला. त्यात दिसलं की सुमारे पाव विद्यापीठांतूनच ७१ ते ८६ टक्के प्राध्यापक येतात. हे अन्यायाचं आहे, आणि ते खरं आहे. प्राध्यापकच व्हायचं असेल तर याकडे डोळेझाक करता येत नाही. म्हणून माझा निवाडा असा: दोन्हीकडे पुरेसे पैसे असतील आणि मोठ्या नावाच्या ठिकाणी तुमच्या विषयाजवळचं, विद्यार्थ्यांकडे लक्ष देणारं एक जरी माणूस असेल, तर तिकडे जा. पण तिथे तुमचा विषय जाणणारं कुणीच नसेल, तर जाऊ नका. पुढे नोकरीच्या अर्जासोबत जाणारं पत्र त्या क्षेत्रात ओळख असलेल्या माणसाचं लागतं, आणि ते कुणी लिहायचं? शिवाय एकूण विद्यापीठाचा दबदबा आणि तुमच्या उपक्षेत्रातला दबदबा वेगळे असतात. विभागाला थेट विचारा की माझ्या क्षेत्रातल्या गेल्या दहा वर्षांच्या विद्यार्थ्यांना पुढे काय मिळालं. नावांसकट उत्तर देणाऱ्या विभागावर विश्वास ठेवा. निवडक दोन यशोगाथा सांगून विषय बदलणाऱ्या विभागाला तोच प्रश्न पुन्हा विचारा.

सगळीकडून नकार आले तर त्याचा अर्थ समजून घ्या. एखादा विभाग वर्षाला दहा-बारा विद्यार्थी घेतो, ते कालखंड आणि प्रदेशांत विभागलेले असतात, आणि तुमच्या क्षेत्रात यंदा एकच जागा होती किंवा एकही नव्हती, हे बाहेरून दिसत नाही. ज्यांच्याशी आधी पत्रव्यवहार झाला होता त्यांना विचारायला हरकत नाही. काही जण मोकळेपणाने सांगतात. पुन्हा अर्ज करायचा असेल तर तोच अर्ज पाठवू नका. मधल्या वर्षात एक भाषा पुढे न्या, एका दप्तरात प्रत्यक्ष बसून या, आणि त्या कागदांवर लेखननमुना नव्याने लिहा. दुसऱ्या वर्षी आलेला अर्ज समिती ओळखते, आणि मधल्या काळात काय वाचून झालं ते सर्वांत आधी पाहते.